'डॉट इन'चे विश्वस्त कोण असावेत?

देशाच्या नावाने ओळखली जाणारी डोमेन नावे (संकेतस्थळांच्या पत्त्यांची नावे), म्हणजे आपल्याकडे पत्त्याच्या शेवटी 'डॉट इन' असलेली, सांभाळायची कोणी, या प्रश्नाला 'सरकारने' हे उत्तर मला अपुरे वाटते आणि 'बाजाराने' हे तर मुळीच पटत नाही. १९९४ साली, इंटरनेटवरील नावांची व्यवस्था तेव्हा पाहणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी या व्यवस्थेचे नियम लिहिले, तेव्हा देशाच्या नावाचा व्यवस्थापक हा त्या देशाचा आणि जगभरच्या इंटरनेट वापरणाऱ्यांचा विश्वस्त आहे, मालकीहक्काची भाषा येथे गैरलागू आहे, असे त्यांनी स्वच्छ नोंदवून ठेवले. आम्हा सिंधुदुर्गकरांना हे समजायला जड जाऊ नये, कारण देवस्थानच्या जमिनीची वहिवाट मानकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहतात, पण सातबाऱ्यावर नाव देवाचेच असते. (त्यावरूनही कोर्टकचेऱ्या होतात, तो भाग वेगळा.)

'डॉट इन' १९८९ पासून आहे. सुरुवातीला त्याचा कारभार मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता आणि नियम इतके कडक होते की सामान्य माणूस त्या वाटेला जातच नसे. २००५ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली, ती 'निक्सी' या ना-नफा कंपनीमार्फत. ही कंपनी २००३ साली स्थापन झाली असून केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या छायेखाली चालते.

वरचा कारभार दिल्लीत चालत असला, तरी त्याची झळ कोठे लागते हे देवगडच्या माझ्या परिचयातील एका हापूस बागायतदाराकडे पाहून कळले. दलालाला टाळून पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकण्यासाठी त्याने संकेतस्थळ काढले. पण डोमेनची नोंद ते बनवून देणाऱ्याने स्वतःच्याच नावावर आणि ईमेलवर केली होती. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच ईमेलवर गेल्या, त्या कोणी उघडल्या नाहीत, आणि ऐन एप्रिलात, पेट्या भरायला माणसे लावलेली असताना, पत्ता बंद पडला. दाद मागायला गेल्यावर 'नोंदीत तुमचे नाव नाही' एवढेच उत्तर मिळाले, आणि नियमाने ते बरोबरच होते.

सगळे सरकारच्याच हाती दिले तर काय होऊ शकते, ते २०१० मध्ये लिबियाने दाखवले: मजकूर तेथील धार्मिक कायद्याला धरून नाही, या कारणावरून त्या देशाच्या 'डॉट एलवाय'मधील एक पत्ता काढून घेण्यात आला. उलट कॅनडात 'डॉट सीए'चे नाव घेणाऱ्याला ती नावे सांभाळणाऱ्या संस्थेचे सभासद होता येते आणि संचालक निवडताना मतही देता येते. जर्मनीचे 'डॉट डीई' तर एक सहकारी संस्थाच चालवते. सोसायट्यांच्या महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही.

माझ्या मते सरकारने कायद्याची चौकट आखावी, फसवणुकीच्या पत्त्यांवर कारवाई करावी, पण कोणाचेही नाव लेखी कारण आणि अपिलाची संधी दिल्याशिवाय काढले जाऊ नये. दैनंदिन कारभार स्वायत्त संस्थेकडे असावा आणि तिच्या संचालक मंडळावर नावे वापरणाऱ्यांनी निवडून दिलेली माणसे असावीत. अशी माणसे तेथे बसली, तर पहिल्याच बैठकीत त्यांनी एवढे तरी मंजूर करून घ्यावे, की नाव घेताना खऱ्या वापरकर्त्याचा मोबाइल क्रमांक नोंदवणे सक्तीचे असेल आणि मुदतीची सूचना त्या क्रमांकावर, त्याच्या भाषेत जाईल.