मामांचे माग, कॅमेरे आणि पाकिस्तानचं कर्ज

परवा मामांच्या कारखान्यात गेलो होतो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचे माग आहेत त्यांचे. माग चालू असले की कानात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, त्यामुळं आमच्या गप्पा लाईट गेल्यावरच होतात. तशी ती गेली आणि मामा म्हणाले, "काय रे, ते पाकिस्तान एवढं कर्जात बुडालंय, मग तोफा कशावर घेतंय?"

मी म्हणलं, मामा, मे २०२५ मध्ये आयएमएफनं, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, त्यांना साधारण १ अब्ज डॉलरचा हप्ता सोडला, आपण मतदानात भागच घेतला नाही, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी बजेटमध्ये लष्कराचा खर्च २० टक्के वाढवून २.५५ लाख कोटी पाकिस्तानी रुपये केला. आता ते डॉलर काही लष्कराला जात नाहीत, त्यांच्या स्टेट बँकेच्या गंगाजळीत जातात असं म्हणतात... मामांनी मधेच तोडलं, "अरे पोराची फी सासऱ्यानं भरली की आपल्या खिशातले मोकळे होतातच की!" यापुढं काय बोलणार.

पण गंमत म्हणजे त्याच बजेटमध्ये कर्जाचं व्याज ८.२ लाख कोटी, म्हणजे लष्कराच्या तिपटीहून जास्त. त्यामुळं नुसत्या तोफांनी बुडाले म्हणणं मला तरी पटत नाही, टॅक्स नीट गोळा होत नाही, बाहेर विकायला माल कमी, हे दुखणं जुनं आहे.

मामांचंच बघा. मागासाठी कर्ज काढलं, माग टॉवेल काढतो, टॉवेल विकून हप्ता जातो. नंतर सूत चोरीला जायला लागलं म्हणून कॅमेरे बसवले, तेही हप्त्यावर. चोरी थांबली, पण कॅमेरा काही टॉवेल काढत नाही, त्याचा हप्ता मागानंच भरायचा. तोफेचं तसंच, वर बाहेरून उधार घेतली तर फेड डॉलरमध्ये, आणि डॉलर तर छापता येत नाही. आपण सोव्हिएतकडून मिग आणि रणगाडे उधारीवर घेतले पण फेड रुपयात, म्हणजे शेवटी चहा, कापड असला माल पाठवून, म्हणून ते झेपलं. तरी १९९१ ला ४७ टन सोनं गहाण ठेवायची वेळ आलीच, तेल महागलं होतं, सरकारचा खर्च हाताबाहेर गेला होता, त्यात ८० च्या दशकातली शस्त्रखरेदी पण होती.

उलटं पण झालंय बरं का. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथून कापड, धान्य, सैन्याचा खर्च सगळं "नंतर देतो" म्हणून उचललं, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १३० कोटी पौंड आपलंच त्यांच्याकडं येणं निघालं. जन्माचा देणेकरी एकदम सावकार झाला! पण कागदावरच, कारण त्या येण्याच्या जोरावर इथं नोटा छापल्या, महागाई भडकली, आणि १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं गेली. असली सावकारी कुणाला पाहिजे ओ?

इंग्रज पण काही सुटले नाहीत, १९४६ ला अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलर कर्ज घेतलं, शेवटचा हप्ता भरला डिसेंबर २००६ ला.

एवढ्या सगळ्यात मामांना हीच एक गोष्ट आवडली. "साठ वर्षं? आणि बँक काही बोलली नाही?"