किंडरचा सडा आणि आण्णांची वहिवाट

"हे रान कुणाचं?"

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा आम्ही हेफील्ड गाव सोडून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. पुढच्या सहा तासांत त्यांनी तो निदान आठ वेळा विचारला. ज्याच्या रानातून जायचं त्याला ओळखायचं, दिसला तर रामराम घालायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. इथे दगडी भिंतीपलीकडे मेंढरं होती, पण राखणारा कुणी दिसत नव्हता.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. आण्णांना मँचेस्टरला येऊन तीन आठवडे झाले होते आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ते कोमेजायला लागले होते. सकाळी पाचला उठायचं आणि खिडकीतून पार्किंगकडे बघत बसायचं. म्हणून एका शनिवारी न्यू मिल्सपर्यंत ट्रेन, पुढे हेफील्डपर्यंत बस, आणि तिथून किंडर स्काउटच्या पठाराला वळसा घालून परत हेफील्ड, असा बेत केला. साधारण चौदा किलोमीटरचं वर्तुळ. खाली नदीचं खोरं, वर मोकळं पठार. पाटण तालुक्यातल्या माणसाला सदुसष्टाव्या वर्षी चौदा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. त्यांच्यासाठी मी महागडे ट्रेकिंगचे बूट घेतले होते, आणि ही माझी मोठी चूक. नव्या बुटांनी पहिल्या तासातच त्यांची टाच सोलली. वयस्कर माणसाला नवे बूट घेणार असाल तर आधी पंधरा दिवस घरात वापरायला द्या. मी दिले नव्हते आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत मला सांगितलं नाही.

गावातून सेट नदीच्या कडेने बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर किंडर नदीची सोबत सुरू होते. नदी म्हणायची, पण पावसाळ्यातला आपला ओढासुद्धा हिच्याहून रुंद असतो. पाणी चहाच्या रंगाचं. वरच्या पठारावर पीट आहे, म्हणजे हजारो वर्षं शेवाळ आणि गवत ओलाव्यात अर्धवट कुजून साठलेली काळी माती. तिच्यातून झिरपत येतं म्हणून हा रंग. आण्णांनी ओंजळीत घेऊन वास घेतला, प्यायले मात्र नाहीत. भिंतींपाशी ते जास्त रेंगाळले. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. "ताल घालणारा गडी चांगला व्हता," एवढंच म्हणाले आणि एक सुटलेला दगड उचलून परत जागेवर बसवला.

वाटेत फाटकं येतात. उघडा, पलीकडे जा, लावा. प्रत्येक फाटक आण्णा स्वतः लावत होते आणि कडी नीट बसली का ते हलवून बघत होते. काही फाटकांजवळ हिरव्या लोखंडी पाट्या आहेत, वाट कुठे जाते ते सांगणाऱ्या. शंभरहून जास्त वर्षं पायवाटा जपणाऱ्या एका संस्थेने त्या लावल्यात. पायवाटा जपायला संस्था असते हे आण्णांना खरं वाटेना. मी दोनदा सांगितलं.

बोडन ब्रिजपाशी दगडाची एक जुनी खाण आहे. आता तिथे गाड्या लावतात. खाणीच्या कातळावर धातूची एक पाटी बसवलेली आहे. मँचेस्टरला राहायला आल्यापासून तिथे जायचं मनात होतं, आणि आण्णांना घेऊन जायचं तर ते तिथेच, असंही.

24 एप्रिल 1932, रविवार. या खाणीत काहीशे तरुण पोरंपोरी जमली होती. बरीचशी मँचेस्टरच्या कारखान्यांतली, काही बेकार. आठवडाभर धुरात राबायचं आणि रविवारी डोंगरात जायचं, हाच त्यांचा विरंगुळा. पण समोरचं अख्खं पठार बंद होतं. ग्राउज नावाच्या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी जमीनदारांनी ते राखून ठेवलेलं. शिकार वर्षातले थोडेच दिवस, बंदी मात्र बारा महिने, आणि दांडकी घेतलेले राखणदार. बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या मेकॅनिकने खाणीत उभं राहून भाषण केलं आणि सगळे वर निघाले. उतारावर राखणदारांशी झटापट झाली. तरी पोरं वर पोचलीच. परत येताना हेफील्डमध्ये पोलिसांनी काही जणांना पकडलं. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगा आणि मारहाणीचे आरोप लावले. पाच जणांना तुरुंगवास झाला, दोन ते सहा महिने. रॉथमनला चार.

मी हे सांगत असताना आण्णा पाटीकडे बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.

"चालल्याबद्दल?"

"हो."

"चार म्हैने?"

"हो, आण्णा."

ते काही बोलले नाहीत. पाटीवर हात ठेवला, आपण देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा, आणि चालायला लागले.

पुढे जलाशयाच्या फाटकापासून एक दगडी चढ लागतो. तो संपला की उजव्या हाताला खाली पाणी आणि डाव्या हाताला हेदर नावाच्या रानझुडपाच्या फुलांनी जांभळा झालेला उतार. तो रंग फोटोत येत नाही, मी प्रयत्न सोडून दिला. मग जलाशय मागे टाकून विल्यम क्लफ या अरुंद घळीत वाट शिरते. प्रवाह एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, दगडांवर पाय ठेवत ओलांडायचा. इथे मी बोलता बोलता आण्णांना सांगितलं की ही घळीतली वाट 1897 पासून लोकांना मोकळी होती, वाटाघाटी करून मिळवलेली. म्हणजे 1932 साली सुद्धा इथून चालायला हरकत नव्हती. वाट सोडून उजवीकडे डोंगरावर पाऊल टाकलं की मात्र ते चोरट्यासारखं घुसणं ठरायचं.

आण्णा थांबले. एका दगडावर बसले. मला वाटलं टाच दुखतेय.

"आपल्या ओढ्याकडच्या वाटंचं तुला ठाऊक हाय न्हवं," ते म्हणाले.

ठाऊक होतं. आमच्या खालच्या शेताला जायची बांधावरची वाट, आजोबांच्या आधीपासूनची वहिवाट. मी सहावीत असताना भावकीतल्यांनी तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि वाट बंद झाली. मग भुईमुगाची पोती डोक्यावरून, ओढ्यातून वळसा घालून. आजी सत्तरीची होती. पावसात ओढ्याला पाणी असलं की ती काठावर उभी राहायची आणि कुणीतरी हात धरून पलीकडे न्यायचं. आण्णांनी मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली अर्ज केला होता. 1906 चा तो कायदा, शेताची अडवलेली वाट मोकळी करून मागायची तर गावाकडे अजूनही त्याच्याच आधाराने तहसीलदारांपुढे जातात. 'कलम पाच' हे शब्द मी अभ्यासाच्या वयात जेवताना ऐकलेत. दोन वर्षांनी निकाल आमच्या बाजूने लागला. आजी त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली.

एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"तुझी आजी गेली त्या राती मी काट्या काढल्या," आण्णा म्हणाले. "हातानं. म्हनलं, तिला न्यायची तर वाटंनं न्यायची, ओढ्यातनं न्हाई. सकाळी मानसं आली तवा वाट मोकळी व्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार दिली. पोलिसांनी बोलवून नेलं. रातभर बाकड्यावर बसवलं."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तू शाळंत हुतीस. आन् सांगायसारकं काय त्यात. तुझ्या आईला म्हनलं, कराडला काम हाय."

मला तो दिवस आठवतो. आण्णा कराडहून काहीच घेऊन आले नाहीत म्हणून मी रुसले होते. त्यांच्या दोन्ही तळव्यांना हळद लावलेली होती आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं का ते.

घळीत वारा नव्हता. पाण्याचा आवाज तेवढा होता. हेदरमधून एक ग्राउज उडाला, तो घोगरा, तुटक आवाज करत. इथले लोक म्हणतात, तो 'गो बॅक, गो बॅक' असं ओरडतो. मी आण्णांना ते सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मग त्या पोरांचं फुडं काय झालं? मिळाली का वाट?"

मी माहीत होतं ते सगळं सांगितलं. 1951 मध्ये हा भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. 2000 साली कायदा आला आणि इंग्लंड-वेल्समधल्या नकाशावर नोंदवलेल्या मोकळ्या पठारांवर, माळांवर कुणालाही पायी फिरायचा हक्क मिळाला, जमीन कुणाचीही असो. 2002 मध्ये, सत्तर वर्षांनी, त्या जमीनदारांपैकी एका घराण्याच्या ड्यूकने जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत, नव्वदीत वारले होते.

"म्हंजी त्यानं माफी ऐकली न्हाई," आण्णा म्हणाले आणि उठले.

घळीच्या माथ्यावर, ॲशॉप हेडला, आडव्या दगडी फरशांची वाट येऊन मिळते. माणसांच्या पायांनी पीट उकरली जाऊ नये म्हणून ठिकठिकाणी अशा फरशा टाकतात, आणि त्यातल्या कितीतरी बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींतून काढून आणलेल्या असतात. रविवारी डोंगरात पळून यायची ती माणसं आठवडाभर ज्या प्रकारच्या दगडांवर उभी राहायची, ते दगड आता इथे आहेत. आण्णांनी एका फरशीवर बूट घासून बघितला. त्यानंतर आम्ही उजवीकडचा उभा चढ चढलो, जिथे तेव्हा जायला बंदी होती. चढात मी दमले, ते नाही.

वर पोचल्यावर आण्णांना पुन्हा हसताना बघितलं. "हा तर आपला सडा!" आमच्या पाटणकडे सडावाघापूरचं पठार आहे, तसंच हे उघडं, झाडाविना, सगळीकडून वारं खाणारं. उंचीने हे कमीच, 636 मीटर. फरक पायाखाली. आपल्या सड्यावर जांभ्याचा कातळ आणि बोटभर माती. इथे काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून खोल पीट. कडेची वाट सोडून मी फोटोसाठी चार पावलं आत गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. आण्णांनी काठी पुढे केली आणि बाहेर ओढलं. पायाला काळा लगदा, त्याला कुजक्या पाल्याचा वास. मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांचा धूर, त्यातून पडलेला आम्लाचा पाऊस, वणवे, मेंढरांची चराई, यांनी हे पठार मोठ्या भागात उघडंबोडकं झालं होतं. गेल्या वीसेक वर्षांत ओघळी बांध घालून अडवल्या, शेवाळाची रोपं लावली, आणि आता हिरवं दिसतं. ओघळीतले ते छोटे बांध आण्णांनी वाकून तपासले. त्यांनी स्वतः पाणलोटाच्या कामावर बांध घातलेत, त्यामुळे या बाबतीत त्यांचं मत मी शेवटचं मानते. काम चांगलं होतं.

किंडर डाउनफॉलला पोचलो तेव्हा समोरून पश्चिमेचा वारा चढलेला होता. तीस मीटरचा कडा, त्यावरून किंडर नदी खाली पडते, म्हणजे पडायला बघते. वाऱ्याने ती उचलून आमच्याच अंगावर परत फेकली. दोघंही चिंब. सडावाघापूरला असाच उलटा धबधबा आहे, पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची तिथे रांग लागते. आण्णांनी टोपी काढली आणि पाणी तोंडावर घेत उभे राहिले. एवढ्यात त्यांनी शेवटचं विचारलं, "आन् हे रान कुणाचं?" मी सांगितलं की 1982 पासून नॅशनल ट्रस्ट नावाच्या संस्थेच्या ताब्यात आहे, सगळ्यांसाठी राखून. मान हलवली. परत विचारलं नाही.

तिथून किंडर लो, एडेल क्रॉसचा जुना दगडी क्रूस, आणि खाली उतरणारी वाट. यातलं मला फारसं आठवत नाही. मी त्यांच्या मागे होते आणि त्यांच्या हातांकडे बघत होते. शेवटच्या फाटकाशी मागून एक बाई दोन लहान मुलांना घेऊन येत होती, बरीच लांब. आण्णा फाटक धरून ती येईपर्यंत उभे राहिले.

हेफील्डची बस डोळ्यांदेखत गेली. पुढची तासाभराने. चहाची जागा चारलाच बंद झालेली. इतक्या लोकांनी चालायला यावं अशा गावात साडेपाचला एक कप चहा मिळू नये, याचा मला खरोखर राग आला. बसथांब्यावर आण्णांनी बूट काढले तेव्हा मोज्याला रक्त लागलेलं दिसलं.

आईला फोन लावून दिला. तिला त्यांनी मेंढरांचं सांगितलं, उलट्या पाण्याचं सांगितलं, पोरगी चिखलात रुतली ते सांगितलं. टाचेचं नाही. मग विचारलं, "ओढ्याकडची वाट मोकळी हाय न्हवं?"

आई म्हणाली, गवत माजलंय कमरेइतकं, पण माणसं जातायत.