आमची वाटचाल : चार गाड्या आणि एक गार इंजिन

आमच्या मालवाहतुकीची सुरुवात एका जुन्या डिझेल पिकअपवर झाली आणि तिनं दुसऱ्याच दिवशी आम्हाला रस्त्यावर आणलं. बघायला गेलो होतो भर दुपारी. अर्ध्या सेल्फला सुरू झाली, धुराचं नाव नाही. मालकानं ती आधीच फिरवून गरम करून ठेवली असेल, हे डोक्यातही आलं नाही. पहाटे माल भरून निघायचं तर सेल्फ मारमारून बॅटरी बसली. धक्का मारून सुरू केली तेव्हा मागं पांढरा धूर, डोळे चुरचुरणारा. गार इंजिनात आतली हवा तापवणारे हीटर प्लग बदलून पाहिले, फरक शून्य. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तो दाबच राहत नाही, आणि गार इंजिनात ते उघडं पडतं. इंजिन उतरवावं लागलं.

तेव्हापासून आम्ही आधीच सांगतो, "गाडी गार ठेवा, सेल्फ आम्ही मारू." गेल्या गेल्या रेडिएटरच्या पाइपला हात. कोमट लागला तर परत दुसऱ्या दिवशी. सुरू झाल्यावर आमचा मिस्त्री ऑइलचं झाकण फिरवून उलटं तिथंच ठेवतो. ते थरथरलं तर चालतं. उडून पडलं आणि भसाभस धूर आला, तर रिंगा गेल्या; मग तो काही न बोलता हात पुसायला लागतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर थोडा काळा चालतो, थांबतच नसेल तर एअर फिल्टर, नोझल, टर्बो बघा.

इंजिन एक वेळ बदलता येतं, चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, तसं नाही. गोणपाट अंथरून हौद्याखाली आडवं व्हायचं आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ छोटी हातोडी वाजवायची; गंज, तडा आवाजावरून कळतो. एका गाडीचं इंजिन फार सुरेख होतं, पण चासीवर ताजा काळा रंग. खरवडला तर खाली वेल्डिंग. सोडली. भागीदार अजून हळहळतो, मी नाही.

चासी नंबर कागदाशी एकेक अक्षर जुळवायचा, हे सांगायला नकोच. चाचणी मात्र माल भरून, चढावर. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. क्लच घसरतो, गिअर निसटतो तो ओझ्याखाली.

आज चार गाड्या आहेत. ती पहिलीही आहे. थंडीत दुसऱ्या सेल्फला उठते.