एक फुटी नळीला इतकी वर्षं?

लग्नात, बारशाला, परवा तर सलूनमध्ये गालाला साबण असताना: "कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन करता ना तुम्ही? झालं का?" मेहुण्यानं तर सनावळीच काढलीय. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये 1953 सालीच लिनॅकवर, म्हणजे याच जातीच्या मशीनवर, पेशंटला उपचार दिले, मग एक फुटी तांब्याच्या नळीला तुम्हाला इतकी वर्षं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

नळी म्हणजे मशीनच्या पोटातली तांब्याच्या कप्प्यांची माळ; तिच्यात रेडिओलहरींच्या जोरावर इलेक्ट्रॉन वेग घेतात. सगळे कप्पे 3000 मेगाहर्ट्झच्या आसपास एकाच सुरात लागावे लागतात. तांबं एका अंशानं तापलं की सूर 50 किलोहर्ट्झनं उतरतो. हे माझं पाठ उत्तर. खरं आहे, पण अर्धंच.

आमची तिसरी नळी. कप्पे मायक्रॉनच्या हिशोबात उतरलेले, सूर जुळलेला. उरलं ब्रेझिंग: सांध्यांत चांदी-तांब्याची तार ठेवून निर्वात भट्टीत 780 अंशांच्या वर न्यायचं, म्हणजे ती वितळून फटीत शिरते. एक फट मला सैल लागली होती. बोललो नाही. पुढच्या आठवड्यात वरिष्ठ बघायला येणार होते. भट्टी उघडली तेव्हा नळी गुलाबी, लखलखीत. आम्ही पेढे मागवले. मग गळती आहे का बघायला एकेका सांध्यावर हेलियमची फुंकर मारत गेलो. पाचव्याला लीक डिटेक्टर किंचाळला. नळी कापली, तर सांध्यात राहायची ती चांदी कप्प्यात ओघळलेली, मेणबत्तीच्या मेणासारखी. पेढे तसेच राहिले.

तर मेहुणेबुवा, त्यातले दहा महिने माझे. पण भट्टी किती वेगानं तापवायची, हे कुठली परदेशी कंपनी कागदावर लिहून देते, तेही सांगा.

त्याच वर्षी आत्याचं रेडिएशन कोबाल्टवर, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्टच्या जुन्या धाटणीच्या यंत्रावर, चालू होतं. कोबाल्टच्या स्रोताचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. तिथला जुना, म्हणून तिला टेबलावर बराच वेळ निजावं लागे. कोबाल्ट म्हणजे म्हातारं यंत्र, असं मी ऐटीत म्हणायचो. त्या म्हाताऱ्यानं तिचे उपचार पुरे केले. माझी नळी भंगारात होती. मग कोबाल्टच वाढवायला हवं होतं का? कधी वाटतं हो. पवईच्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेनं बनवलेलं लिनॅक सेवाग्रामला बसलं (आम्ही तिथले नव्हे), तेव्हा मात्र आनंदही झाला आणि पोटातही दुखलं.

चौथ्या नळीच्या वेळी मी प्रत्येक फट तीनदा मोजायला लावली. भट्टीवरचा मुलगा शेवटी वैतागला, "सर, अजून किती वेळ?"