तुम्ही विचारलंत म्हणून: रिकामं मशीन वीज खातं का?

"कॉम्प्युटर नुसता चालूच आहे की ओ, काम कुठं करायलाय? मग बिल कशाचं येणार?" सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतलं कर सल्लागाराचं ऑफिस, दुरुस्तीला गेलं की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा: "मग कुणी हात लावला नसताना पंखा का घोंघावतोय?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं बघू, कारण आपल्याकडं कुठलीही गोष्ट "किती पडतंय?" या प्रश्नाशिवाय पुढं सरकत नाही. साधा डेस्कटॉप, मॉनिटर बंद, नुसता चालू ठेवलेला, मॉडेलप्रमाणे साधारण ४० ते ६० वॅट ओढतो. मधले ५० धरा. संध्याकाळी ७ ला शटर खाली, सकाळी १० ला वर. म्हणजे १५ तासांचं पाऊण युनिट. ऑफिसात पाच मशीन असतील तर रात्रीला पावणेचार युनिट, महिन्याला ११० च्या वर. तीच पाच मशीन स्लीपमध्ये (रॅम तेवढी जागी, बाकी जवळजवळ सगळं बंद) असती तर प्रत्येकी दोन-तीन वॅट, सगळ्यांचं मिळून रात्रीत पाव युनिटसुद्धा होत नाही. कमर्शियल दरानं गुणाकार तुमचा तुम्ही करा. शिवाय मशीननं ओढलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ कडं सरकतो तेव्हा दिवसा रिकामी चालणारी मशीन एसीवर आणखी बोजा टाकतात, तो वेगळाच. "एनटीपीसी आपल्या उशाशी आहे, वीज कसली वाचवताय" असं म्हणणारेही भेटतात. फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा प्रकल्प असेल, पण मीटर आपल्या भिंतीवरचाच फिरतो.

आता आतलं. प्रोसेसर खरं तर झोपायला टपलेलाच असतो. काम नसलं की तो आपलं एकेक अंग बंद करत जातो: आधी आतलं घड्याळ थांबवतो, मग कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी) रिकामी करतो, मग रिकाम्या कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका भागाचा, वीजपुरवठाच जवळजवळ तोडतो. या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. खालच्या पायरीवर वीज फार कमी लागते, पण तिथवर उतरायला आणि परत वर यायला थोडा वेळ आणि थोडी वीज खर्च होते. म्हणून काम किती आहे यापेक्षा हाका किती वेळा येतात, याला जास्त महत्त्व. रातपाळी करून आलेला विणकर दुपारी आडवा झालाय आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी कडी वाजवून "काही नाही, सहज आलो" म्हणून जातंय. त्याची झोप होईल का?

मागं चालणारे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. प्रिंटरसोबत आलेला शाई तपासणारा, पीडीएफवाल्याचा अपडेटर, फोन जोडायला कधीतरी टाकलेला सूट, दोन-तीन क्लाउड ड्राइव्ह. प्रत्येक जण थोड्या थोड्या वेळानं उठून बघतो, नवीन काही आलंय का. टास्क मॅनेजरमध्ये (कुठला प्रोग्रॅम किती काम करतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) त्यांच्यापुढं ० टक्के दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. ० टक्के म्हणजे काम नगण्य, एवढंच. हाका किती मारल्या ते त्या आकड्यात नाही.

हाका मारणाऱ्यांत विंडोजचं स्वतःचं घड्याळही आलं. त्याचा ठोका मुळात दर १५.६ मिलिसेकंदांनी पडतो, म्हणजे सेकंदाला ६४. गाणी-व्हिडिओ वाजवणारे किंवा गेमचे प्रोग्रॅम "मला १ मिलिसेकंदाचा ठोका हवा" अशी मागणी करू शकतात, म्हणजे सेकंदाला १०००. अनेक वर्षं अशी मागणी एकट्यानं केली तरी ती अख्ख्या मशीनला लागू व्हायची. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर ते बरंच आवरलं. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमनं २००७ मध्येच २.६.२१ या आवृत्तीपासून रिकाम्या वेळी ठोके मारणं सोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी इंटेलनं पॉवरटॉप नावाचं साधन काढलं. कुठला प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा उठवतो, याची यादीच ते समोर ठेवतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी एकदा ते आपल्या लॅपटॉपवर चालवून बघावं, अर्धा तास मजेत जाईल.

पंख्याचं कोडं त्यामानानं सोपं आहे. तुम्ही हात काढला की विंडोजला वाटतं, आता साहेब चहाला गेले, घरातली कामं उरकून घेऊ. मग फायलींची अनुक्रमणिका, डिस्कची डागडुजी, व्हायरस स्कॅन, अपडेट असं सगळं सुरू होतं. परत येऊन माउस हलवला की यातली बरीच कामं लगेच थांबतात, म्हणून टास्क मॅनेजर उघडेपर्यंत चोर पसार. यात काळजीचं काही नाही, कामं झाली की मशीन गप्प बसतं. पण पंखा तासन् तास थांबतच नसेल आणि कधीकाळी कुणी फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून दिलं असेल, तर मात्र संशय घ्या. अशा सॉफ्टवेअरसोबत लपून येणारे मायनर तुमच्या विजेवर दुसऱ्याचं क्रिप्टो काढत बसतात, आणि त्यातले काही टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर दडी मारतात.

मुख्य गोष्ट पुढंच आहे. एकेक प्रोग्रॅम मारत बसण्यापेक्षा मशीनला झोपू का दिलं जात नाही, ते शोधा. पॉवर सेटिंगमध्ये १५ मिनिटांचा स्लीप लावलेला असतो आणि तरी मशीन रात्रभर टक्क जागं असतं, हे मी ऑफिसा-ऑफिसात बघतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि मी फोनवर सांगतो तसं टाइप करा: पॉवर, त्याला चिकटून सी-एफ-जी, मग जागा सोडून तिरकी रेघ (/), आणि रेघेला चिकटून रिक्वेस्ट्स. कोण झोपू देत नाही, ते नावानिशी समोर येतं. एका सूत व्यापाऱ्याच्या गादीवर तिथं ऑडिओ स्ट्रीम चालू असल्याचं दिसलं. सकाळी लावलेलं भजन ब्राउझरच्या कुठल्याशा टॅबमध्ये आवाज बंद करून तसंच फिरत होतं. टॅलीवाल्या ऑफिसांत बहुतेकदा एसआरव्हीनेट नावाचा, शेअर केलेल्या फायली दुसऱ्या मशीनला पुरवणारा ड्रायव्हर सापडतो. टॅलीचा डेटा एका मशीनवर शेअर केलेला असतो, दुसऱ्यावर कंपनी उघडीच ठेवून अकाउंटंट घरी गेलेला असतो. दुसरं मशीन पहिल्याला विचारत राहतं, आणि एक जागं म्हणून दोन्ही जागी. टॅली बंद करून निघायची सवय लागली की हा प्रकार थांबतो.

त्याच कमांडमध्ये रिक्वेस्ट्सच्या जागी लास्टवेक लिहिलं तर झोपलेलं मशीन शेवटी कुणी उठवलं ते कळतं, आणि एनर्जी लिहिलं तर ६० सेकंद निरीक्षण करून अहवाल मिळतो. लास्टवेकवरून मला भलताच आरोपी सापडला होता. कारखान्यातलं ऑफिस, मधे फक्त पत्र्याचं पार्टिशन, पलीकडं यंत्रमाग. रात्रपाळीला माग सुरू झाले की टेबल थरथरायचं, टेबलावरचा माउस केसभर सरकायचा आणि मशीन उठून बसायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटवरची उठवण्याची परवानगी काढली. आता फक्त कीबोर्डनं उठतं.

काय करू नये तेही सांगतो, कारण यूट्यूब बघून आलेले पुष्कळ असतात. सर्व्हिसेस उघडून दिसेल ते डिसेबल करू नका. प्रिंटर बंद पडला म्हणून मलाच फोन येतो. अपडेट आणि अँटिव्हायरस मारून वाचणारी वीज किरकोळ, धोका मोठा. दोन अँटिव्हायरस असतील तर मात्र एक काढाच, दोघं एकच फाईल दोनदा तपासतात. रॅम मोकळी करणारे बूस्टर तर निव्वळ थाप. रॅम भरलेली असो की रिकामी, तिच्या पेशींना साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजं करावंच लागतं, त्यामुळं मोकळी करून वीज वाचत नाही. उलट बूस्टर स्वतःच मागं चालत राहतो. स्क्रीनसेव्हरच्या माशांनीही काही वाचत नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र कोरलं जाऊ नये म्हणून ती सोय होती. आज ते मासे पोहतात तोवर मॉनिटर पूर्ण उजेडात जळत असतो.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन नको ते बंद करणं हे सुरक्षित काम आहे, कुणीही करावं. विंडोज ११ असेल तर २०२२ च्या अपडेटपासून टास्क मॅनेजरच्याच प्रोसेसेस टॅबमध्ये एखाद्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) एफिशियन्सी मोड लावता येतो. ती चालू राहते, पण रांगेत मागं जाते आणि कमी विजेत भागवते.

"स्लीपमध्ये असताना लाइट गेली तर?" हे विचारणंही बरोबर आहे. वळवाच्या पावसात तासभर लाइट गेली की छोटा यूपीएस मान टाकतो, आणि साध्या स्लीपमधलं न सेव्ह केलेलं काम जातं. डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू ठेवा, रॅममधलं सगळं डिस्कवरही उतरवलं जातं. रात्रीसाठी हायबरनेट, म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून मशीन बंद, त्याहून बरं. उठायला जरा जास्त वेळ घेतं, पण वीज जवळपास शून्य. फक्त हजेरीचं मशीन किंवा कॅमेरे ज्या कॉम्प्युटरवर आहेत, तो जागाच ठेवावा लागतो.

लॅपटॉपवाल्यांनी इथं गाफील राहू नये. नव्या लॅपटॉपांत जुनी गाढ झोप बहुधा नसतेच. झाकण मिटलं तरी तो मोबाईलसारखा अर्धवट जागा राहून वायफायवर मेल बघत असतो. पहाटे झाकण मिटून बॅगेत कोंबला आणि हुतात्मा एक्सप्रेसला बसलात, की पुण्याला बॅग गरम आणि बॅटरी निम्मी, अशी तक्रार घेऊन लोक येतात. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं असं कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ठरवता येतं. हायबरनेटचा पर्याय तिथं दिसत नसेल तर आधी तोच चालू करून घ्या.