वहीतली लॅटिन नावं तोंडी आणताना: पावसाळ्यापासूनची प्रगती

बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या झाडांची ओळख बऱ्यापैकी पक्की झाल्यावर पुढचं काम घेतलं, ते म्हणजे त्यांची शास्त्रीय नावं मोठ्याने म्हणायची. आजवर ही नावं फक्त डोळ्यांची होती. पुस्तकात वाचायची, वहीत उतरवायची, फोटोखाली लिहायची. बोलायची वेळ आली की ऐन, किंजळ, नाणा, बिबळा म्हणून आपण मोकळे.

हे जमतं कुठवर, तर आमच्या झाडं बघणाऱ्या गटात सगळे मराठी बोलणारे असतील तोवर. आमच्यात बैलहोंगलकडचे दोघं कन्नड बोलणारे आहेत. आपण ऐन म्हटलं की ते म्हणतात, "म्हंजे मत्ती की वो!" नाण्याला त्यांचा शब्द नंदी, बिबळ्याला होन्ने, जांभळाला नेरळे. जांबोटीच्या पुढे रानात तर एकाच झाडाला वाडीगणिक नाव बदलतं. मग वाद मिटवायला लॅटिन नाव काढायचं, तर ते प्रत्येकाने घरी बसून मनातल्या मनात वाचलेलं. पाच जणांचे पाच उच्चार. भीमगड अभयारण्याच्या हद्दीजवळ ऐनाखाली उभं राहून टर्मिनालिया की टर्मिनेलिया यावर चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली आहे.

आधी नियम शोधले. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. नावांचा प्रारंभ 1753 सालच्या, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथापासून धरतात. स्पेलिंग कसं असावं, शेवट कसा व्हावा, कुणाचं नाव आधीचं, याचा तिथे कीस काढला आहे. उच्चाराचं बंधन मात्र नाही. चालतात ते दोन रिवाज. एक इंग्रजांचा, आपल्या कॉलेजांत तोच रुजला. दुसरा जुन्या रोमन उच्चाराच्या जवळ जाणारा, युरोपातले बरेच लोक त्या बाजूला झुकतात. जांभळाचं उदाहरण घ्या. इंग्रजी वळणाने ते सिझीजियम, जुन्या वळणाने सुझुगिउम. जाईजुईच्या वर्गाला, म्हणजे जीनसला, आपण जॅस्मिनम म्हणतो, पण लॅटिनमध्ये 'जे' म्हणजे य, म्हणून ते यास्मिनुम. मूळ फारसी शब्द यासमीन आहे हे कळल्यावर जुना रिवाज एकदम शहाणा वाटायला लागतो. तरी बाजारात फुलवाल्याकडे यास्मिनुम मागायला मी जाणार नाही.

कुळांच्या नावांना हातच लावलेला नाही. फॅबेसी, पोएसी, ऑर्किडेसी हे सगळ्यांच्या जिभेवर बसलंय. तिथे आकेआए वगैरे करून गटात हसं करून घेण्यात काही मिळत नाही.

आता माझी कसोटी सांगतो. पटली तर घ्या. शास्त्रीय नाव बोलायचं ते समोरच्याने वहीत बरोबर लिहावं म्हणून. कुठला रोमन माणूस ऐकायला येणार नाहीये. तेव्हा ज्या उच्चारातून स्पेलिंग कळतं तो बरा. बिबळ्याच्या वर्गाचं नाव 'पी' आणि 'टी' या जोडीने सुरू होतं. इंग्रज 'पी' खातात, टेरोकार्पस म्हणतात. नवखा माणूस मग सूचीत 'टी'खाली शोधत बसतो. मूळ ग्रीक शब्द प्टेरॉन, म्हणजे पंख. बिबळ्याच्या चपट्या, कडेला पातळ पापुद्रा असलेल्या शेंगा पाहिल्यात ना? हेलिकॉप्टरमध्येही तोच पंख आहे, तिथे 'प्ट' म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. तर आम्ही आता प्टेरोकार्पस म्हणतो, 'प'वर थोडा जोर देऊन. चांगलं चाललंय.

ही कसोटी माणसांच्या नावांवरून आलेल्या नावांपाशी लंगडी पडते, आणि सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच घालवला. काळ्या कुड्याचा वर्ग राइट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरवरून आहे. उच्चार राइटिया, 'डब्ल्यू' गायब. व्राइटिया म्हटलं तर लिहायला सोपं, पण माणसाचं नाव बिघडतं. इथे मी माणसाच्या बाजूने. स्पेलिंग हवं असेल तर विचारा, सांगतो.

कुंभ्याच्या बाबतीत तर भांडायचीही तयारी आहे. त्याला सर्रास कॅरेया म्हणतात. तो वर्ग रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने विल्यम केरीच्या नावाने केला. केरी म्हणजे तेच, श्रीरामपूरचे पाद्री, ज्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मोडी टाइपात मराठी कोश काढला. बंगालात बसून आपल्या भाषेवर एवढी मेहनत घेणाऱ्याचं नाव निदान मराठी माणसाने तरी नीट घ्यावं. केरिया. रानात कुंभ्याची जाड, खवलेदार साल दिसली की मी मुद्दाम मोठ्याने म्हणतो.

तामण आणि नाणा ज्या वर्गात येतात त्याचं नाव लागरस्ट्रोम या स्वीडिश व्यापाऱ्यावरून. 'लॅजर' नको, ग हाच ग. पुढचा स्वर स्वीडिश आहे, ओठ गोल करून ए म्हणायचा प्रयत्न केला की जवळपास येतो. तो न जमल्यास लागरस्ट्रोमिया चालवून घ्या. आपटा आणि कांचनाचा वर्ग बाउहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंवरून. पानाचे दोन जुळे भाग म्हणजे दोघे भाऊ, अशी लिनियसची कल्पना. घराणं मूळचं फ्रेंच, त्यामुळे फ्रेंच तोंडी ते आडनाव 'बोअँ'सारखं ऐकू येतं. पण बोइनिया म्हटल्यावर आमच्यात एकालाही आपटा आठवला नाही. बाउहिनिया ठेवलं. शंकासुराच्या नावामागे चेसाल्पिनो हा इटालियन, त्यावरून आम्ही सिसाल्पिनिया आणि चेसाल्पिनिया दोन्ही ऐकून घेतो, ज्याची जशी मर्जी.

या सगळ्यात खरी मजा आली ती चोर्ला घाटाच्या वाटेवर. कणकुंबी सोडून खाली उतरलं की गोव्याच्या पाट्या लागतात. साखळीच्या रोमन पाटीवर सँक्वेलिम, डिचोलीच्या बिचोलिम. पोर्तुगीज वळण माहीत नसलेला पाटी वाचून कंडक्टरला काय विचारेल ते देवालाच ठाऊक. त्याच पोर्तुगीज वळणात 'एक्स' म्हणजे श. आता नर्सरीतली इक्झोरा घ्या, लाल गुच्छांची, प्रत्येक बंगल्याच्या कुंपणाला असते ती. ते नाव आलंय ईश्वर या शब्दावरून, पोर्तुगीजांच्या लेखणीतून फिरून. म्हणजे 'एक्स'चा श केला की इशोरा, आणि झाडाचं नाव आपल्या घरी परत. नर्सरीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काय बी म्हणा, रोप तीच की." तेही खरंच.

लिहून ठेवण्याची पद्धत बदलली आहे. आधी फक्त देवनागरीत उच्चार लिहीत होतो. अडचण अशी की देवनागरीत आपला ए लांब की आखूड ते कळत नाही, ओचंही तसंच. कन्नडात दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. लॅटिनमध्ये आघात कुठे द्यायचा ते स्वराच्या लांबीवर ठरतं, तेव्हा हा फरक कामाचा. शब्दाचा शेवटून दुसरा अवयव, म्हणजे एका दमात म्हणायचा तुकडा, भारी (लांब स्वराचा किंवा व्यंजनाने संपणारा) असेल तर आघात तिथे, नाहीतर त्याच्या आधीच्यावर. उलट चार आणि चाक यांतला वेगळा च आपल्या कानाला सहज कळतो, लिहिताना मात्र एकच. बैलहोंगलचे मित्र चाकातलाही च चारातल्यासारखा म्हणतात, म्हणून चेसाल्पिनो त्यांना आपल्यापेक्षा आधी जमला. तर आता वहीत शास्त्रीय नावासमोर दोन रकाने: देवनागरी आणि कन्नड. कन्नड रकाना ते भरतात, मी तपासतो, आणि मग दोघांनी म्हणून फोनवर रेकॉर्ड करतो. ऐकताना आपलाच आवाज परका वाटतो, ते सहन करायचं.

शिल्लक काम पुष्कळ. नेचे अजून घेतलेच नाहीत, आणि त्यांत तर 'प्ट'वाल्या नावांची रांग आहे. पेरूच्या नावात 'पी'पुढे 'एस' आहे. प्सिडियम म्हणायचं ठरतंय, पण एकजण सिडियमवर अडून बसला आहे. ओढ्याच्या खडकांना चिकटून वाढणाऱ्या डॅल्झेलियाचाही निकाल लागलेला नाही. गिब्सनसोबत 1861 मध्ये मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची छापणारा तो डॅल्झेल. या स्कॉटिश आडनावाचा जुना उच्चार 'डीएल' आहे, मधला 'झेड' हा छापखान्याने एका जुन्या अक्षराच्या जागी बसवलेला. केरीला न्याय दिला तर डीएललाही द्यावा लागेल, मग कसोटी पुन्हा लंगडी. पाणी ओसरून खडक उघडे पडले की रविवारी त्या ओढ्यावर जायचं आहे. कुणाकडे दुसरा तोडगा असेल तर त्याआधी कळवा.