अंजनेरी: किडे-कोळ्यांच्या फोटोंसाठी एक सकाळ

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर मॅक्रोसाठी, म्हणजे किडे-कोळ्यांचे अगदी जवळून फोटो काढायला, जाणार असाल तर माथ्याचा नाद सोडा. गाडी लावली की सगळे तडक अंजनीमातेच्या मंदिराकडे सुटतात. आपल्याला हवं ते सगळं मात्र गावातून वर निघालेल्या रस्त्याच्या कडेला, गुडघाभर गवतात आणि घाणेरीच्या जाळीत बसलेलं असतं. सप्टेंबर संपता संपता मी आणि माझा मित्र हेच ठरवून गेलो होतो. दुपारपर्यंत आम्ही पायऱ्यांच्या जवळपासही पोचलो नाही आणि कार्ड भरून परत आलो.

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटर. त्र्यंबकेश्वरची बस अंजनेरी फाट्यावर सोडते, तिथून गाव चालत. पण जमलं तर स्वतःच्या गाडीने जा आणि उजाडताना फाट्यावर असा. वनखात्याची चौकी लागते, तिथे विचारपूस करूनच पुढे व्हा.

उजाडताना का, तर किड्यांना अंगची ऊब नसते. रात्रीच्या गारव्याने ते आखडून बसलेले असतात आणि ऊन लागेपर्यंत जागचे हलत नाहीत. दहा वाजता जो चतुर दोन मीटरवरूनच उडून जातो, तोच सकाळी गवताच्या काडीला लटकलेला असताना लेन्स वीतभर अंतरावर येऊ देतो. आम्हाला असा एक सापडला. पंखांवर दव, डोळ्यांवर दव, आणि दवाच्या एकेका थेंबात मागच्या डोंगराची उलटी आकृती. त्याने पुढच्या पायांनी डोळे पुसायला सुरुवात केली की समजायचं, आता फार वेळ नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दिला तो सिग्नेचर कोळ्याच्या एका मादीला. दोन झुडपांच्या मध्ये कमरेएवढ्या उंचीवर जाळं, मधोमध ती डोकं खाली करून बसलेली. आठ पाय जोडीजोडीने असे जुळवलेले की लांबून चारच वाटावेत. पायांच्या टोकांपासून पुढे जाळ्यात पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली. ही फुली ती कशासाठी विणते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांना भुलून किडे येतात. कुणी म्हणतं, पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते मोडू नये म्हणून. आम्ही बघत असताना मित्राची बॅग एका फांदीला लागली, आणि बाईसाहेबांनी अख्खं जाळं इतक्या जोरात हलवलं की त्या स्वतःच धूसर झाल्या. अशा वेळी दोन पावलं मागे सरायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने ती पुन्हा निश्चल होते. तोवर जाळ्याच्या कडा तपासा. वरच्या कोपऱ्यात तपकिरी, तिच्या पाव आकाराचाही नसलेला नर आम्हाला याच थांबण्यात दिसला.

अशा कोळ्याचा फोटो घेताना कॅमेरा जाळ्याला अगदी समांतर धरा. १:१ ला, म्हणजे किडा जेवढा तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर उमटते तेव्हा, छिद्र एफ/११ ला असताना (हा आकडा वाढतो तसं लेन्सचं छिद्र लहान होतं) फोकसमध्ये येणारी पट्टी जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते. कॅमेरा जरा तिरका झाला की डोकं स्पष्ट आणि पाय गायब. मग छिद्र आणखी लहान करावंसं वाटतं, पण तिथे सांभाळा. १:१ ला एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं, एफ/१६ तर एफ/३२ सारखं. प्रकाश फाकतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जात नाही. शटर १/२०० सेकंद, फोकस हाताने, आणि रिंग फिरवण्याऐवजी स्वतःच मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे झुलायचं. ट्रायपॉड गवतात नुसता अडचण होतो, त्यापेक्षा कोपर गुडघ्यावर टेकवा.

फ्लॅश हवाच, आणि त्यावर डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, त्याहून जास्त हवा. टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम दोन थरांत लावला तरी पुरतो. मात्र तो लेन्सच्या टोकापर्यंत पुढे यायला हवा. फरक बघायचा असेल तर चकचकीत हिरव्या पाठीचा भुंगा घ्या. उघड्या फ्लॅशने पाठीवर पांढरा डाग उमटतो, फोममधून तीच पाठ हिरवी दिसते.

घाणेरीच्या पानावर उड्या मारणारा एक कोळी मिळाला, तांदळाच्या दाण्याएवढा. याच्यासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार असतो, कारण हा वळून तुमच्याकडे बघतो. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगं हलत नाहीत, आतला पडदा हलतो, म्हणून बघता बघता डोळ्याचा रंग काळ्याचा फिका होतो आणि पुन्हा काळा. उडी मारण्याआधी तो पानाला धागा चिकटवतो. तो चिकटवताना दिसला की शटर दाबायचं. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा, वरून घेतलेला फोटो नुसती नोंद होते.

मोबाइलवाल्यांनीही यावं. क्लिपवाली भिंगं बरी चालतात, फक्त भिंग आणि किडा यांत दोन-तीन सेंटिमीटरच उरतात, त्यामुळे स्वतःची सावली सांभाळा. अशा वेळी कोळी, सुरवंट, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) निवडा. फुलपाखरांच्या मागे धावू नका.

माथ्यावर न जाण्याचं आणखी एक कारण आहे. वरच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची जात आहे, २००६ साली जगापुढे आली ती इथूनच. कंदीलपुष्पं बारीक माश्यांना नळीत अडकवतात आणि परागकणांचं काम झाल्यावर सोडून देतात. मॅक्रोवाल्याला मोह पडावा असंच हे आहे. पण आपण कोपरांवर सरपटणारी माणसं. पावसाळ्यात त्या पठारावर आपण आडवे झालो तर काय चिरडलं हे कळणारही नाही. गेलातच तर मळलेली वाट सोडू नका, आणि दुर्मीळ वनस्पतीचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. किड्यांना फ्रिजमध्ये गार करून आणणं, जाळ्यावर पाणी फवारणं, पान तोडून उजेडात नेणं हे प्रकार करणाऱ्यांबरोबर मी जात नाही.

सरपटणाऱ्यांसाठी थोडं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट घाला. खाजकुयलीच्या शेंगा ओळखून ठेवा, त्यांच्यावरची सोनेरी लव नुसती वाऱ्याने अंगावर आली तरी दिवस वाया जातो. गवतात हात घालण्याआधी काठीने चाळवा, फुरसं लहान असतं आणि पाचोळ्यात दिसत नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माकडं खाण्याच्या पिशवीवर झडप घालतात, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेत बिस्किटं ठेवू नका.

अंजनेरीला जाणं जमत नसेल तर शहरालगत पांडवलेणी आहेच. तिथल्या पायथ्याला आणि रस्त्याकडेला रुईची झुडपं तपासा. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा मुख्यतः रुईवर जगतो. त्याला बोट लावू नका, छेडलं तर पिल्लू विषारी द्रवाची चिळकांडी मारतं. फांदीही हाताने वाकवू नका. रुईचा चीक बोटांना लागतो आणि तेच बोट व्ह्यूफाइंडर पुसून डोळ्याशी जातं. हा चीक डोळ्याला वाईट बाधतो, म्हणून पाण्याची बाटली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, झटकन हाताशी येईल अशी ठेवा.